सहाशे डॉलरांचे ध्वनिमुद्रण: निर्वानाचा ‘ब्लीच’ आणि सिएटलचे संगीतविश्व

विसाव्या शतकाच्या अखेरीच्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना १९९१ हे साल सीमारेषा म्हणून वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्या वर्षी २४ सप्टेंबर रोजी निर्वाना या अमेरिकी बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला, ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून पहिले स्थान घेतले, आणि तोवर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यापुरता मर्यादित असलेला ‘ग्रंज’ हा संगीतप्रकार काही महिन्यांत जगभर पोचला. एवढी मोठी घटना घडली की तिच्या आधीचे सारे काही तिची पूर्वतयारी म्हणून वाचले जाऊ लागते, आणि या उलट्या वाचनाचा सर्वाधिक फटका त्याच बँडच्या पहिल्या अल्बमला बसला. १५ जून १९८९ रोजी सिएटलच्या ‘सब पॉप’ या छोट्या ध्वनिमुद्रिका-कंपनीने काढलेला ‘ब्लीच’ हा बहुतेक ग्रंथांत एखाददुसऱ्या परिच्छेदात आटोपतो. तो कच्चा होता, जड होता, तो करायला अवघे सहाशे डॉलर लागले आणि पुढच्या वैभवाची चुणूक त्यातल्या एकाच गाण्यात होती, असा त्या परिच्छेदाचा साधारण आशय असतो.

प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की ‘ब्लीच’ १९८९ च्या जमिनीवर उभे राहून ऐकला पाहिजे, आणि तसा ऐकला तर त्या सहाशे डॉलरांचा अर्थही बदलतो. तो अल्बम इतक्या स्वस्तात होऊ शकला याचे कारण त्याच्या खर्चाचा मोठा भाग आधीच्या काही वर्षांत इतरांनी चुकता केला होता. ध्वनिमुद्रणालय, आकाशवाणी केंद्र, नियतकालिक, ज्येष्ठ बँड, वर्गणीदार श्रोते आणि घरभाडे भरणारी माणसे मिळून एका शहरात जे सामायिक भांडवल साठले होते, त्यावर हा अल्बम उभा आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही त्या भांडवलातूनच आल्या.

ग्रंजचा ध्वनी

ग्रंज हा पंक आणि हेवी मेटल या दोन प्रवाहांचा संकर मानला जातो. पंक म्हणजे १९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडन येथे रुजलेला, वेगवान, आखूड आणि वादनकौशल्याच्या प्रदर्शनाला नकार देणारा रॉक. हेवी मेटल म्हणजे ब्लॅक सॅबाथसारख्या बँडांनी घडवलेला, संथ, वजनदार आणि गिटारच्या पुनरावृत्त धुनांवर उभा असलेला रॉक. अशा आखूड, पुन्हापुन्हा येणाऱ्या धुनेला रिफ म्हणतात, आणि गाण्याची सारी इमारत पुष्कळदा एकाच रिफवर रचलेली असते. अमेरिकेच्या मोठ्या शहरांत १९८० च्या दशकात या दोन प्रवाहांचे श्रोते एकमेकांकडे संशयाने पाहत. सिएटल आणि त्याच्या परिसरात मात्र श्रोतेच इतके थोडे होते की त्यांना अशी फाळणी परवडणारी नव्हती.

या संगीताचा कणा म्हणजे डिस्टॉर्शन, अर्थात गिटारच्या विद्युत-संकेताला प्रवर्धकाच्या क्षमतेपलीकडे ढकलून ध्वनिलहरीचा माथा कापून टाकण्याची क्रिया. माथा कापला गेला की मूळ स्वरासोबत अनेक नवे उपस्वर निर्माण होतात आणि तार घासल्यासारखा, भरलेला, लांबत जाणारा आवाज मिळतो. अशा आवाजात तीनचार निरनिराळे स्वर एकदम वाजवले तर त्यांच्या उपस्वरांचा गोंधळ होतो. म्हणून या शैलीत पॉवर कॉर्ड वापरतात, ज्यात मूळ स्वर आणि त्याचा पंचम एवढेच असते. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत ही षड्ज-पंचमाची जोडी होय. त्यात गंधारच नसल्याने तो शुद्ध की कोमल हा प्रश्न उद्भवत नाही, आणि ज्याला पाश्चात्त्य संगीतात मेजर व मायनर म्हणतात तो भावभेद गिटारपुरता अनिर्णित राहतो. तो निर्णय गायकाच्या स्वरावलीवर पडतो. निर्वानाचा गायक कर्ट कोबेन याच्या गाण्यांत आवाजाला जे महत्त्व येते त्याचे एक तांत्रिक कारण येथे आहे.

याला जोडून येते ते तारा उतरवण्याचे तंत्र. गिटारची सर्वांत जाड तार नेहमी ‘ई’ या स्वरात लावतात. ती एक पूर्ण स्वर उतरवून ‘डी’ केली की तिच्यासह जाड तीन तारा एकाच बोटाने दाबून पॉवर कॉर्ड मिळतो, हात जलद सरकतो आणि ध्वनी अधिक खोल जातो. ‘ब्लीच’चे पहिलेच गाणे ‘ब्ल्यू’ त्याहूनही खालच्या स्वरात लावलेल्या वाद्यांवर वाजवलेले आहे, त्यामुळे बेस गिटारची तार सैल पडून तिचा स्वर किंचित लटपटतो, आणि अल्बमचा वजनदार मिजास पहिल्या काही क्षणांतच ठरून जातो.

परिसर आणि संस्था

निर्वानाचे दोघे संस्थापक, गायक-गिटारवादक कर्ट कोबेन आणि बेसवादक क्रिस्ट नोवोसेलिच, वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन या गावात एकत्र आले. पॅसिफिक किनाऱ्याजवळचे हे गाव लाकूडतोडीवर आणि लाकडाच्या गिरण्यांवर जगत होते, आणि १९८० च्या दशकात तो धंदा ओसरत चालला होता. कोबेनचा जन्म तेथेच २० फेब्रुवारी १९६७ रोजी झाला. या आडगावातल्या तरुणांना पंकची ओळख करून दिली ती मेल्विन्स या बँडने, ज्याचा गिटारवादक बझ ऑसबोर्न शेजारच्या मॉन्टेसानोचा होता. पंकचा वेग सोडून देऊन अतिसंथ, दाट, ताणलेल्या लयीत वाजवणे ही मेल्विन्सची देणगी, आणि ‘ब्लीच’मधल्या जडत्वाचा थेट उगम तिथे सापडतो.

दुसरे केंद्र ऑलिंपिया हे राज्याच्या राजधानीचे छोटे शहर, जेथे एव्हरग्रीन स्टेट कॉलेज ही प्रयोगशील शिक्षणसंस्था, तिचे काओस हे आकाशवाणी केंद्र आणि कॅल्विन जॉन्सनची ‘के रेकॉर्ड्स’ ही कंपनी होती. साधेपणा, बालसुलभ चाली आणि पौरुषाच्या आक्रस्ताळेपणाविषयी नापसंती हे ऑलिंपियाचे वळण होते, आणि १९८७ पासून कोबेन त्याच शहरात राहत होता. ॲबर्डीनचे जडत्व आणि ऑलिंपियाचा गोडवा यांच्या मधोमध ‘ब्लीच’ घडला, हे लक्षात ठेवले तर त्याच्या अंतर्गत विसंगतीचा उलगडा होतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे केंद्र अर्थातच सिएटल. देशभर दौरे करणारे बँड या कोपऱ्यातल्या शहराला अनेकदा वगळत, आणि किशोरवयीनांच्या नृत्य-कार्यक्रमांवर जाचक अटी घालणारा नगरपालिकेचा १९८५ चा नियम लहान कार्यक्रमांच्या मुळावर आला होता. बाहेरचे फारसे येत नव्हते आणि आतल्यांना जागा कमी होती. परिणामी स्थानिक बँड एकमेकांचेच श्रोते झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केसीएमयू या आकाशवाणी केंद्राने त्यांना कान मिळवून दिले. १९८६ मध्ये सी-झेड या कंपनीने ‘डीप सिक्स’ हे संकलन काढले, ज्यात ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मालफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन हे सहा बँड एकत्र आले. ग्रंजचा पहिला दस्तऐवज कोणता, या प्रश्नाचे सर्वांत सयुक्तिक उत्तर हे संकलन आहे. ‘ब्लीच’ त्यानंतर तीन वर्षांनी आला.

सी-झेडचा संस्थापक ख्रिस हॅन्झेक याने १९८६ मध्येच स्किन यार्डचा गिटारवादक जॅक एन्डिनो याच्यासह सिएटलच्या बॅलर्ड भागात, एका त्रिकोणी इमारतीत, रेसिप्रोकल रेकॉर्डिंग हे ध्वनिमुद्रणालय सुरू केले. एन्डिनोचे वैशिष्ट्य असे की ज्या संगीताचे ध्वनिमुद्रण तो करीत होता त्याच संगीताचा तो स्वतः वादक होता, त्यामुळे त्या गोंगाटातील कोणता भाग दोष आणि कोणता भाग हेतू हे त्याला सांगावे लागत नसे.

सब पॉपचा प्रारंभ ब्रूस पॅव्हिट याने ऑलिंपियात काढलेल्या हौशी नियतकालिकातून झाला. प्रादेशिक बँडांची दखल घेणारे हे पत्र पुढे ध्वनिफीत-संकलने काढू लागले आणि अखेर ध्वनिमुद्रिका-कंपनी बनले. पॅव्हिटची, पुढे कंपनीत त्याचा भागीदार झालेल्या जोनाथन पोनमनशी गाठ घालून देण्यात साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल याचा वाटा मोठा होता. केरळमधून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचा हा मुलगा इलिनॉय राज्यात वाढला होता आणि तेथूनच पॅव्हिटला ओळखत होता. साउंडगार्डनचे ‘स्क्रीमिंग लाइफ’ हे एन्डिनोने मुद्रित केलेले ध्वनिमुद्रण १९८७ मध्ये याच जोडगोळीने प्रकाशित केले, आणि १९८८ मध्ये मडहनी या बँडच्या ‘सुपरफझ बिगमफ’ने सब पॉपचा ध्वनी निश्चित केला. निर्वाना या मंडळीत उशिरा आलेला आणि शहराबाहेरचा बँड होता. १९८९ मध्ये सिएटलच्या रॉकचे नेतृत्व कोणाकडे आहे असे विचारले असते तर बहुतेकांनी मडहनीचे नाव घेतले असते.

ध्वनिमुद्रण

निर्वाना पहिल्यांदा रेसिप्रोकलमध्ये गेला तो २३ जानेवारी १९८८ रोजी. बँडकडे कायमचा ड्रमवादक नव्हता, म्हणून मेल्विन्सचा डेल क्रोव्हर ड्रमवर बसला, आणि एकाच दुपारी दहा गाणी मुद्रित झाली. कोबेनच्या आवाजाने प्रभावित झालेल्या एन्डिनोने या मुद्रणाची एक प्रत पोनमनला ऐकवली; सब पॉपचे दार उघडले ते अशा हस्ते-परहस्ते फिरलेल्या ध्वनिफितीमुळे. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘लव्ह बझ’ ही बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. मूळ गाणे शॉकिंग ब्लू या डच बँडचे. त्यातली बेसवर फिरणारी पौर्वात्य वळणाची धून निर्वानाने अधिक खडबडीत केली. क्रमांक घातलेल्या १,००० प्रतींची ही तबकडी सब पॉपच्या ‘सिंगल्स क्लब’ या योजनेचे पहिले प्रकाशन ठरली. या योजनेत श्रोते आगाऊ वर्गणी भरत आणि दरमहा एक तबकडी मिळवत. कर्ज न मिळणाऱ्या छोट्या कंपनीला अशा रीतीने वर्गणीदारांकडूनच खेळते भांडवल मिळे.

अल्बमचे मुख्य काम २४ डिसेंबर १९८८, त्यानंतर २९ ते ३१ डिसेंबर आणि १४ व २४ जानेवारी १९८९ या दिवशी झाले. आता ड्रमवर चॅड चॅनिंग होता. तरीही ‘फ्लॉइड द बार्बर’ आणि ‘पेपर कट्स’ या दोन गाण्यांसाठी क्रोव्हरबरोबरची आधीची मुद्रणेच कायम ठेवली गेली. एन्डिनोने सुमारे तीस तासांचे बिल लावले आणि ते ६०६ डॉलर १७ सेंट इतके झाले. हे पैसे बँडच्या एका मित्राने, जेसन एव्हरमनने, भरले. अल्बममध्ये त्याने एकही स्वर वाजवलेला नाही, तरी दुसरा गिटारवादक म्हणून त्याचे नाव आवरणावर छापले गेले आणि मुखपृष्ठाच्या छायाचित्रातही तो दिसतो. १९८९ च्या उन्हाळ्यातील अमेरिका-दौऱ्यानंतर तो बँडमधून बाहेर पडला, काही काळ साउंडगार्डनमध्ये बेस वाजवला आणि पुढे अमेरिकी सैन्यात गेला.

रेसिप्रोकलमधील यंत्र आठ ट्रॅकचे होते. ट्रॅक म्हणजे ध्वनिफितीवरील समांतर पट्टी, जिच्यावर एक वाद्य किंवा एक आवाज स्वतंत्रपणे नोंदवता येतो; त्या काळी मोठ्या ध्वनिमुद्रणालयांत चोवीस ट्रॅक असणे नेहमीचे होते. आठांपैकी काही ड्रमनेच व्यापले की बेस, गिटार आणि आवाज यांसाठी थोड्याच पट्ट्या उरतात, त्यामुळे एकावर एक थर चढवत ध्वनी भव्य करण्याचा, ज्याला ओव्हरडब म्हणतात, तो मार्ग जवळजवळ बंद होतो. अशा ठिकाणी बँडने एकत्र वाजवणे आणि त्या क्षणीची गाठ टिकवणे एवढेच हाती राहते. ‘ब्लीच’मध्ये गिटार आणि बेस एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात, ड्रमच्या मागे खोलीचा आकार जाणवतो आणि आवाजाला झाकायला काहीच नसते. ‘नेव्हरमाइंड’चे अंदाजपत्रक याच्या कैक पटींनी मोठे होते आणि तेथे बुच विग या निर्मात्याने कोबेनचा आवाज व गिटार दुहेरी नोंदवून घेतले, दोन्ही अल्बमांतील फरकाचा बराचसा भाग या भौतिक परिस्थितीने समजावता येतो.

गाणी

मूळ अमेरिकी आवृत्तीत अकरा गाणी आहेत, आणि त्यांतील बहुतेक एकाच साच्यात बसतात: खालच्या स्वरांतील रिफ, मध्यम ते संथ लय, मोजके शब्द आणि ओरडण्याकडे झुकणारा गळा. कोबेनने पुढे मुलाखतींत सांगितले की बरेचसे शब्द मुद्रणाच्या आदल्या रात्री लिहिले गेले आणि त्यांना त्याने फारसे महत्त्व दिले नव्हते. कवीचे असे निवेदन समीक्षकाने पुरते मान्य करण्याची गरज नाही, कारण घाईत लिहिलेल्या या शब्दांतूनही एक ठाम भूगोल उभा राहतो. ‘फ्लॉइड द बार्बर’मध्ये दूरचित्रवाणीवरील एका जुन्या, निरागस ग्रामीण मालिकेतला न्हावी भयस्वप्नातला खुनी होतो, ‘स्वॉप मीट’मध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात हाताने केलेल्या चीजवस्तू विकून जगणारे जोडपे येते, ‘मिस्टर मुस्टॅश’ पुरुषी रांगडेपणाची टर उडवते, ‘पेपर कट्स’मध्ये कोंडून ठेवलेल्या मुलांच्या एका स्थानिक हकीकतीची सावली पडलेली आहे. लहान गावाचे गोड चित्र आणि त्याच्या आतली कोंडी यांचा हा मुकाबला ॲबर्डीन ओळखणाऱ्यालाच सुचावा असा आहे.

‘स्कूल’ हे गाणे काटकसरीचे टोक गाठते. त्याचे शब्द दोनतीन ओळींत संपतात, आणि सिएटलच्या संगीतमंडळींतील गटबाजी शाळेच्या मधल्या सुट्टीसारखी कशी वाटते एवढेच त्यात म्हटलेले आहे. ज्या वर्तुळाने बँडला आश्रय दिला त्याचीच थट्टा पहिल्या अल्बमात करण्याइतका कोबेन सावध होता. ‘निगेटिव्ह क्रीप’मध्ये एकच रिफ हट्टाने घासली जाते आणि गळा शब्दांपलीकडे जातो, मेल्विन्सचा वारसा येथे पूर्णपणे पचवलेला आहे, कारण जडपणा राखून गाणे आखूड आणि नेटके राहते.

या सगळ्यांत ‘अबाउट अ गर्ल’ वेगळे पडते. त्यात कडव्यांसाठी दोनच स्वरसंघ आलटूनपालटून येतात, गिटारचा आवाज बराच स्वच्छ आहे, आणि चाल सरळसरळ बीटल्सच्या आरंभीच्या गाण्यांकडे जाते. आपल्या बँडने सब पॉपच्या जड साच्यात बसावे असा एक दाब जाणवत होता आणि अशा अल्बमात हे सुरेल गाणे घालणे धोक्याचे वाटत होते, असे कोबेनने नंतर सांगितले. हा दाब खरा मानला तर निष्कर्ष असा निघतो की संस्थांनी ज्याला जन्म दिला त्याला आकारही त्यांनीच दिला. सामायिक भांडवलाचे व्याज शैलीच्या शिस्तीत चुकवावे लागले. पुढे १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मैफलीची सुरुवात निर्वानाने याच गाण्याने केली, आणि तोवर ते ‘नेव्हरमाइंड’चे बीज म्हणून गौरवले जाऊ लागले होते. तरीही या एका गाण्याला अल्बमचे सार समजणे म्हणजे उरलेल्या दहा गाण्यांना फोलपट ठरवणे होय. जडत्व आणि चाल यांचा निकाल ‘ब्लीच’ लावत नाही. दोन्ही तेथे शेजारीशेजारी, तडजोड न करता उभे आहेत.

आवरण, किंमत आणि विक्री

अल्बमचे आरंभी योजलेले नाव वेगळे होते. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या प्रतिबंधासाठी, हेरॉइन घेणाऱ्यांनी सुया ब्लीचने धुवाव्यात असे सांगणारी भित्तिपत्रके बँडच्या पाहण्यात आली आणि त्यावरून हे नाव ठरले. मुखपृष्ठावरील छायाचित्र ऑलिंपियातील एका कलादालनातील मैफलीत ट्रेसी मॅरँडर हिने काढले आणि ते निगेटिव्हच्या रूपात, म्हणजे काळ्याचे पांढरे करून, छापले गेले. मॅरँडर ही कोबेनची त्या काळची सहचरी. दोघांच्या घराचा खर्च बहुतांशी तिच्या नोकरीतून चाले, आणि ‘अबाउट अ गर्ल’ तिच्याविषयीच आहे. बँडचे नाव ज्या अरुंद, उंच अक्षरवळणात छापले आणि जे पुढे जगभर सदऱ्यांवर झळकले, ते ऑनिक्स नावाचे वळण अक्षरजुळणी यंत्रात त्या वेळी बसवलेले होते म्हणून वापरले गेले.

आवरणावर आणखी एक मजकूर होता: हे ध्वनिमुद्रण जॅक एन्डिनोने सिएटलमध्ये सहाशे डॉलरांत केले. कंपन्या सहसा खर्च लपवतात किंवा फुगवतात. सब पॉपने तो जाहिरातीसारखा छापला. पॅव्हिट आणि पोनमन यांनी मोटाउनसारख्या जुन्या प्रादेशिक कंपन्यांचे तंत्र अभ्यासले होते. ठरलेला ध्वनिमुद्रक, ठरलेली मांडणी, चार्ल्स पीटरसनची केस आणि हातपाय उडताना टिपणारी छायाचित्रे, आणि या सर्वांतून उभी राहणारी रानवट, कष्टकरी वायव्येची प्रतिमा, हे त्यांचे विक्रीशास्त्र होते. ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांना ही प्रतिमा भावली. ‘मेलडी मेकर’चा एव्हरेट ट्रू १९८९ मध्ये सिएटलला येऊन गेला आणि त्याच्या लेखांमुळे शहराचे नाव लंडनमध्ये आधी आणि अमेरिकेत नंतर गाजले. सहाशे डॉलरांचा आकडा याच प्रतिमेचा भाग आहे, आणि म्हणून इतिहासकाराने तो पुरावा म्हणून वापरताना जाहिरात म्हणूनही वाचला पाहिजे.

पहिल्या १,००० प्रती पांढऱ्या तबकडीवर काढल्या गेल्या. ‘नेव्हरमाइंड’ येईपर्यंतच्या दोन वर्षांत ‘ब्लीच’च्या सुमारे ४०,००० प्रती खपल्या. मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने हा आकडा नगण्य. महाविद्यालयीन आकाशवाणी, व्हॅनमधून केलेले दौरे आणि छोट्या दुकानांचे वितरण एवढ्यावर चाललेल्या कंपनीसाठी तो मोठा होता. १९८९ च्या उत्तरार्धात निर्वाना सब पॉपच्याच टॅड या बँडसोबत युरोपभर फिरला आणि ३ डिसेंबर १९८९ रोजी लंडनच्या अस्टोरिया सभागृहात मडहनीसह एकाच मंचावर वाजला.

परतफेड

१९९१ च्या मध्यास सब पॉप दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तिला वाचवणाऱ्या गोष्टींपैकी एक मागे, ‘ब्लीच’च्याच काळात, घडून गेली होती. ही कंपनी तोंडी व्यवहारावर चालत असे; नोवोसेलिचने हट्ट धरला म्हणून निर्वानाशी लेखी करार झाला. बँड मोठ्या कंपनीकडे, डीजीसीकडे, जाऊ लागला तेव्हा त्या करारामुळे सब पॉपला मोबदला मिळाला, पुढील विक्रीत वाटा मिळाला आणि ‘नेव्हरमाइंड’च्या आवरणावर तिचे बोधचिन्हही छापले गेले. बँडने स्वतःच्या रक्षणासाठी मागितलेला कागद अखेर कंपनीच्या रक्षणाला आला. त्याच लाटेत ‘ब्लीच’ नव्याने बाजारात आला, १९९२ मध्ये बिलबोर्डच्या २०० अल्बमांच्या यादीत ८९ व्या स्थानी पोचला, १९९५ मध्ये अमेरिकेत दहा लाख प्रतींचे प्लॅटिनम प्रमाणपत्र त्याला मिळाले, आणि सब पॉपच्या इतिहासातला तो सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. त्याच्या सुरुवातीच्या भांडवलात ज्यांनी भर घातली त्यांपैकी एका संस्थेला अशी परतफेड झाली. सगळ्यांना झाली नाही.

मोठ्या कंपन्यांनी यातून काढलेला धडा सोपा होता: सिएटलमध्ये जावे आणि बँड विकत घ्यावेत. मडहनी रिप्राइजकडे गेला, मेल्विन्स अटलांटिककडे गेला, आणि १९९५ मध्ये वॉर्नरने सब पॉपचे ४९ टक्के भाग घेतले. निर्वानाच्या यशाची पुनरावृत्ती या व्यवहारांतून झाली नाही. करारात बँड येत होते. हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या ध्वनिफिती, उसने मिळणारे ड्रमवादक आणि एकमेकांच्या मैफलींना जाणारे वादक-श्रोते करारात येत नव्हते, आणि पैसा वाढताच ती जुनी देवघेव विरळ होत गेली. खुद्द निर्वानाने १९९३ च्या फेब्रुवारीत ‘इन युटेरो’साठी मिनेसोटातील पॅकिडर्म ध्वनिमुद्रणालयात स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकासह सुमारे दोन आठवडे काम केले. एकत्र वाजवणे, थर न चढवणे आणि खोलीचा ध्वनी राखणे ही त्या कामाची उद्दिष्टे होती. ‘ब्लीच’च्या वेळी जे अपरिहार्य होते ते चार वर्षांनी निवडीचा, आणि बऱ्याच खर्चाचा, विषय झाले होते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. परिस्थितीवर इतका भर दिला तर कोबेनच्या प्रतिभेला काय उरते, असे विचारता येईल. सिएटलमध्ये त्याच आठ ट्रॅकांवर, त्याच एन्डिनोकडे, अनेक बँडांनी मुद्रणे केली आणि त्यांतली बहुतेक आज अभ्यासकांनाच माहीत आहेत, हे खरे आहे. परंतु प्रतिभेचे स्वरूप नीट सांगायचे तर तिला काय आयते मिळाले हे आधी मांडावे लागते. कोबेनला ध्वनी आयता मिळाला, साचा आयता मिळाला, श्रोतेही बऱ्याच अंशी आयते मिळाले. त्या साच्यात गाणे आखूड करणे, गळ्याला चालीचा भार वाहायला लावणे आणि ज्या मंडळींत आपण बसलो त्यांच्याविषयी अंतर राखणे ही त्याची स्वतःची भर. ‘ब्लीच’मध्ये ही भर मोजता येते, कारण तिच्या भोवतीचे बाकी सारे अजून उघडे दिसते, ‘नेव्हरमाइंड’मध्ये ते चकाकीखाली झाकले गेले आहे.

म्हणून ‘ब्लीच’चे महत्त्व पहिलेपणात शोधू नये, तो मान ‘डीप सिक्स’चा, आणि पूर्णत्वातही शोधू नये, कारण कोबेनलाच तो पुढे एकसुरी वाटू लागला. लोकप्रिय संगीतातील एक निर्मिती कोणकोणत्या हातांतून जाते हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे ध्वनिमुद्रण त्या काळात क्वचित सापडेल, आणि याच अर्थाने तो अभ्यासाचा आदर्श नमुना आहे. कोणत्याही प्रदेशात नव्या संगीताची लाट का उठली किंवा का उठली नाही याचा शोध घेणाऱ्याने पहिल्या अल्बमचा खर्च विचारण्याआधी त्या प्रदेशात ध्वनिमुद्रक कोण होता, नव्या बँडांना वेळ देणारे आकाशवाणी केंद्र होते का, आगाऊ वर्गणी भरणारे श्रोते किती होते आणि वादकांचे घरभाडे कोण भरत होते, हे प्रश्न विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतात तेथे सहाशे डॉलर पुरतात, आणि जेथे मिळत नाहीत तेथे लाखो डॉलरही पुरत नाहीत, हे १९९२ नंतरच्या सिएटलने दाखवून दिले आहे.